मिशिगनचा जानेवारीतला निकाल: काय करावे, काय टाळावे

मिशिगन विद्यापीठाकडे पहिल्या वर्षासाठी अलीकडे दरवर्षी लाखाच्या आसपास अर्ज येतात. अर्ली अ‍ॅक्शनचा अर्ज १ नोव्हेंबरपर्यंत भरायचा आणि उत्तर जानेवारी संपेपर्यंत येतं. नोव्हाय, ट्रॉय, कँटन भागातल्या मराठी घरांत नेमका तेव्हा हळदीकुंकवाचा आणि मंडळाच्या तिळगूळ समारंभाचा हंगाम असतो. घरात बारावीतलं मूल असेल तर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: काय आलं?

उत्तर तीन प्रकारचं असतं. होकार, नकार किंवा ‘पोस्टपोन’, म्हणजे निर्णय पुढच्या फेरीवर ढकलला. यातलं काहीही आलं तरी प्रवेशाचं काम त्या दिवशी संपत नाही. विद्यार्थ्याने अंतिम निवड कळवायची तारीख असते १ मे. मधल्या तीन महिन्यांत मूल आणि आईबाबा काय करतात, यावर हातात किती पर्याय उरतात, किती कर्ज होतं आणि घरात एकमेकांशी बोलणं राहतं की नाही, हे ठरतं. ही यादी त्या तीन महिन्यांसाठी आहे.

आधी हे माहीत असू द्या

• अर्ली अ‍ॅक्शनमध्ये होकार आला तरी तुम्ही बांधले जात नाही. अर्ली डिसिजन मात्र बांधील असतो: होकार आला की तिथेच जायचं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मिशिगनने २०२६ च्या प्रवेशापासून हा दुसरा मार्गही सुरू केला. आपण कोणत्या मार्गाने अर्ज केला होता, हे घरातल्या प्रत्येकाला नीट ठाऊक हवं.

• मिशिगन हे सरकारी विद्यापीठ आहे. राज्यातल्या मुलांना शिक्षणशुल्क वर्षाला १८ हजार डॉलरच्या आसपास पडतं, बाहेरच्यांना ६० हजारांच्या वर. राहणं-जेवण धरून बाहेरच्यांचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरपुढे जातो. त्यामुळे ट्रॉयच्या घरातला होकार आणि ओहायो किंवा न्यू जर्सीतल्या घरातला होकार यांचा हिशेब पूर्णपणे वेगळा असतो.

• इथे कटऑफ नाही. दहावी-बारावीची गुणवत्ता यादी आणि सीईटीचे पर्सेंटाइल बघत वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जातं. गुण महत्त्वाचे आहेतच. पण शाळेत कोणते विषय उपलब्ध होते आणि त्यातले किती अवघड घेतले, निबंध, शिफारसपत्रं, वर्गाबाहेरचं काम, कोणत्या कॉलेजासाठी अर्ज आहे, हे सगळं एकत्र वाचलं जातं. अमुक गुणांवर जागा पक्की, असं कोणीच सांगू शकत नाही.

निकाल उघडण्याआधी

करावे

• कुठे उघडायचं आणि कोणाबरोबर, हे मुलाला आदल्या दिवशीच ठरवू द्या. त्याला एकट्याने उघडायचं असेल तर आईबाबांनी शेजारच्या खोलीत थांबावं.

• पोर्टलचा पासवर्ड चालतोय ना, हे आधी तपासून ठेवा. निकालाच्या वेळी एकदम गर्दी होते आणि पान उघडायला वेळ लागतो. त्या दहा मिनिटांत पासवर्ड आठवत बसायची पाळी नको.

• बाकीच्या अर्जांची यादी पुढ्यात घेऊन बसा. काही चांगल्या विद्यापीठांच्या मुदती १ फेब्रुवारीपर्यंत किंवा त्यानंतरही असतात. अजून भरता येण्याजोगे अर्ज निकालाच्या आधी भरून टाका. नकार वाचल्यावर त्याच रात्री निबंध लिहिणं फार जड जातं.

• पुण्या-मुंबईहून अर्ज केला असेल तर घड्याळ बघा. विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन अर्बरला, दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड झालेला असतो. दुसऱ्या दिवशी प्रिलिम असेल तर झोपा. निकाल सकाळीही तोच असतो.

टाळावे

• शाळेच्या वर्गात, कॉरिडॉरमध्ये, बसमध्ये फोनवर निकाल उघडणं. शेजारी ज्याचा होकार आहे त्याचंही अवघड होतं आणि ज्याचा नकार आहे त्याचंही.

• कॅमेरा लावून स्वतःची प्रतिक्रिया टिपणं. उत्तर काय येणार ते माहीत नसताना चित्रीकरण सुरू करणं म्हणजे आपल्या सतराव्या वर्षातला सर्वांत नाजूक क्षण लोकांपुढे ठेवण्याची तयारी करणं.

• ‘आज लागणार’, ‘परवा लागणार’ या अफवांच्या मागे आठवडाभर जागणं. विद्यापीठ स्वतः जे कळवतं तेवढंच धरून चाला.

होकार आला तर

करावे

• मनापासून आनंद साजरा करा. आजी-आजोबांना फोन मुलालाच करू द्या. ही बातमी त्याची आहे.

• शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना आणि शाळेच्या काउन्सेलरला त्याच आठवड्यात आभाराच्या चार ओळी लिहा. त्यांनी ऑक्टोबरमधल्या आपल्या संध्याकाळी तुमच्या कामाला दिल्या होत्या.

• पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मिशिगनमध्ये अर्ज एखाद्या ठरावीक कॉलेजासाठी असतो: इंजिनिअरिंग, नर्सिंग, साहित्य-विज्ञान-कला वगैरे. होकार कुठल्या कॉलेजाचा आहे, हे पाहा. नंतर कॉलेज बदलता येतं, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

• पैशाचे कागद लगेच पूर्ण करा. फाफ्सा आणि सीएसएस प्रोफाइल हे दोन्ही अर्ज गेले आहेत का, ते तपासा. मिशिगनमध्येच राहणाऱ्या कुटुंबांसाठी ‘गो ब्लू गॅरंटी’ ही योजना आहे. २०२५ पासून तिची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७५ हजारांवरून १ लाख २५ हजार डॉलर झाली आहे. मालमत्तेची अटही पाळत असाल तर शिक्षणशुल्क पूर्ण माफ होतं. ‘आपल्याला कुठे मिळणार’ म्हणून अनेक घरं अर्जच करत नाहीत. करा.

• बाकीच्या विद्यापीठांची उत्तरं आणि आर्थिक मदतीची पत्रं हातात येईपर्यंत थांबा. मग चारही वर्षांचा खर्च एका कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि मुलाला बरोबर घेऊन बघा. कर्ज त्याच्या नावावर असणार असेल तर आकडे त्याला दिसलेच पाहिजेत.

टाळावे

• अभ्यास सोडून देणं. होकार सशर्त असतो. बारावीची अंतिम गुणपत्रिका विद्यापीठाकडे जाते आणि गुण फार घसरले तर होकार मागे घेतला जाऊ शकतो. फेब्रुवारीत अवघड विषय सोडायचा विचार असेल तर आधी काउन्सेलरशी बोला आणि विद्यापीठाला कळवा.

• दोन विद्यापीठांत एकाच वेळी पैसे भरून जागा अडवणं. त्यातली एक जागा प्रतीक्षा यादीवरच्या कुणाची तरी असते. १ मेला एकच निवडा आणि बाकीच्यांना त्याच दिवशी नकार कळवा.

• वर्गाच्या ग्रुपवर लगेच घोषणा करणं. आधी चौकशी करा, जवळच्या मित्राला काय आलं ते ऐका. टी-शर्ट दोन दिवसांनी घातला तरी त्यावरचा निळा-पिवळा रंग तोच राहतो.

पोस्टपोन झालं तर

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो आणि सर्वांत जास्त काम करण्यासारखंही इथेच असतं. पोस्टपोन म्हणजे नकार नाही. अर्ज नियमित फेरीत पुन्हा वाचला जाणार आहे. ती लपवलेली हमीही नाही. पोस्टपोन झालेल्यांची संख्या मोठी असते आणि त्यातल्या अनेकांना एप्रिलमध्ये नकारच येतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरून काम करायचं आहे.

करावे

• एक दिवस काहीही करू नका. दुसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचा. पुढे काय पाठवायचं, कुठून पाठवायचं आणि कधीपर्यंत, हे पत्रात किंवा पोर्टलवर दिलेलं असतं. सांगितलंय तेवढंच, सांगितलेल्या मार्गानेच पाठवा.

• पहिल्या सत्राचे गुण काउन्सेलरने पाठवलेत ना, याची खात्री करा. पुन्हा वाचताना विद्यापीठाच्या हातात येणारी ही सर्वांत वजनदार नवी गोष्ट असते.

• विद्यापीठ पूरक माहिती घेत असेल तर एक छोटं पत्र लिहा. एका पानाच्या आत. पहिल्या दोन ओळींत स्पष्ट म्हणा की मिशिगनमध्ये यायची इच्छा कायम आहे, आणि मिशिगन पहिली पसंती असेल तरच तसं म्हणा. मग नोव्हेंबरनंतर घडलेल्या दोन किंवा तीनच गोष्टी. उदाहरणार्थ: ‘रोबोटिक्सच्या गटात मी वायरिंगचं काम पाहत होते. डिसेंबरपासून नववीच्या चार मुलांना ते शिकवते आहे आणि आता स्पर्धेच्या दिवशी पॅनेल त्यांचं ते दुरुस्त करतात.’ एवढ्या दोन वाक्यांत काम, जबाबदारी आणि परिणाम तिन्ही दिसतात. ‘मी खूप मेहनती आणि नेतृत्वगुण असलेली विद्यार्थिनी आहे’ या वाक्यात यातलं काहीही दिसत नाही.

• शेवटी तिथला एखादा नेमका अभ्यासक्रम, प्रयोगशाळा किंवा उपक्रम सांगा आणि त्यात तुम्ही काय कराल ते लिहा. आभार माना. थांबा.

• पत्र मुलाने स्वतः लिहावं. आईबाबांनी शुद्धलेखन पाहावं, मजकूर नाही. पन्नाशीतल्या माणसाची वाक्यं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात.

• ज्या विद्यापीठांचा होकार आधीच आला आहे त्यांच्याकडे नीट पाहायला याच आठवड्यात सुरुवात करा. ईस्ट लान्सिंगचं मिशिगन स्टेट १८५५ पासून उभं आहे. पर्ड्यूचं इंजिनिअरिंग जगभर नावाजलेलं आहे. मिशिगन विद्यापीठाचीच डिअरबॉर्न आणि फ्लिंट इथे स्वतंत्र आवारं आहेत. जमेल तर तिथे जाऊन एक दिवस काढा, वर्गात बसा, मेसमध्ये जेवा.

टाळावे

• दर आठवड्याला ईमेल, प्रत्येक नव्या प्रमाणपत्राची प्रत, न मागितलेली आणखी तीन शिफारसपत्रं. अर्ज जाड होतो, मजबूत होत नाही.

• आईबाबांनी प्रवेश कार्यालयाला फोन करणं. अर्जदार मूल आहे. प्रश्न असेल तर त्यानेच विचारावा.

• ओळखीच्या माजी विद्यार्थ्याकडून किंवा प्राध्यापकाकडून ‘शब्द टाकणं’. आपल्याकडच्या सवयीने हे सुचतं. इथे त्याने काम होत नाही आणि मुलाला मात्र असं वाटतं की त्याच्या कामावर आपला भरवसा नाही.

• घाईघाईने नवी संस्था काढणं, दोन आठवड्यांचं समाजकार्य उभं करणं. फेब्रुवारीत उगवलेली सेवा फेब्रुवारीतलीच दिसते.

• प्रवेश मिळवून देण्याची हमी देणाऱ्या सल्लागाराला आता हजारो डॉलर मोजणं. अशी हमी कोणालाही देता येत नाही.

नकार आला तर

करावे

• रडू येत असेल तर रडू द्या. चार वर्षं पहाटे उठून पोहायला जाणाऱ्या, रात्री बारापर्यंत जागणाऱ्या मुलाला वाईट वाटणारच. ते लवकर संपवायची घाई करू नका.

• दोन-तीन दिवसांनी उरलेल्या विद्यापीठांची यादी घेऊन एकदा बसा. कुठली उत्तरं बाकी आहेत, कुठल्या शिष्यवृत्तीची मुदत जवळ आली आहे, हे पाहा.

• ते विद्यापीठ खरोखरच हवं असेल तर बदलीचा मार्ग समजून घ्या. एक-दोन वर्षं दुसरीकडे चांगले गुण मिळवून अ‍ॅन अर्बरला बदली घेणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजमधून येण्यासाठी ‘मिशिगन ट्रान्स्फर अ‍ॅग्रीमेंट’ नावाची व्यवस्था आहे. कोणते विषय धरले जातात, हे पहिल्या सत्राआधीच तपासायचं.

• मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर ते गंभीरपणे घ्या. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र फोन किंवा मेसेज करता येतो. भारतात टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. शाळेच्या काउन्सेलरला दुसऱ्याच दिवशी कळवा.

टाळावे

• ‘कुठे कमी पडलो’ याचं शवविच्छेदन. निबंधातलं कुठलं वाक्य, बी-प्लस कुठला, हे शोधून उत्तर मिळत नाही. विद्यापीठ कारण सांगत नाही आणि बरेचदा सांगण्याजोगं एकच कारण नसतंही.

• ‘तिला मिळालं कारण ती अमक्या वंशाची’ असं बोलणं. मिशिगनच्या बाबतीत तर याला आधारच नाही. प्रवेशात वंश विचारात घेण्यावरून २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलेले ग्रॅट्झ आणि ग्रुटर हे दोन्ही खटले याच विद्यापीठाविरुद्धचे होते. त्यानंतर २००६ मध्ये राज्याच्या मतदारांनी ‘प्रपोझल २’ मंजूर करून सरकारी विद्यापीठांना प्रवेशात वंशावरून झुकतं माप द्यायला बंदी केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. म्हणजे आज अर्ज करणारी मुलं जन्मली त्याच्याही आधीपासून तिथे हा नियम आहे. ज्या मैत्रिणीला होकार आला तिने तो मिळवला आहे.

• ‘बरंच झालं, तिथली थंडी फार’ असली समजूत. मुलाला ती जागा हवी होती. ती हवी होती हे मान्य करूनच बोला.

आईबाबांसाठी

करावे

• निकाल येण्याआधी एकदा, शांतपणे, मुलाला सांगा: ‘काहीही आलं तरी पैशाचा आणि पुढचा विचार आपण मिळून करू.’ हे निकालानंतर सांगितलं तर सांत्वन वाटतं. आधी सांगितलं तर विश्वास वाटतो.

• नकार किंवा पोस्टपोन आल्यावर पहिला तास फक्त जवळ बसा. चहा करा. आवडीचं जेवण करा. योजना दुसऱ्या दिवशी.

• नातेवाइकांना काय सांगायचं, हे मुलाला विचारून ठरवा. पुण्याच्या आजीला कळवायचं का, कधी, कोणी, हा निर्णय त्याचा.

• तुमचं स्वतःचं दुःख तुमच्या जोडीदाराशी किंवा मित्राशी बोला. या देशात येऊन वीस वर्षं केलेल्या कष्टांचं फळ म्हणून तुम्ही या निकालाकडे पाहत असाल, तर तो भार मुलाच्या खांद्यावर देऊ नका.

टाळावे

• ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य. त्या दिवशी नको, नंतरही नको.

• ‘बघ, जोशी काकूंच्या मुलीला मिळालं.’ त्याला ते तुमच्याआधी कळलेलं असतं.

• धाकट्या भावंडाला त्याच दमात ‘आता तू तरी’ म्हणणं. एका वाक्यात दोन मुलं दुखावतात.

काका, काकू, मावशी आणि मंडळासाठी

करावे

• तिळगूळ देताना दुसरं काहीतरी विचारा. ‘सध्या काय वाचतेस?’, ‘नाटकाच्या तालमी कशा चालल्यात?’ एवढं पुरतं. तिला सांगायचं असेल तर ती आपणहून सांगेल.

• पोस्टपोन झाल्याचं कोणी सांगितलंच तर म्हणा, ‘अजून उत्तर यायचंय तर. मला काही मदत करता येईल का?’ आणि खरंच येत असेल तर करा: पत्र वाचून द्या, तुमच्या मुलीच्या कॉलेजात एक दिवस राहायची सोय करून द्या.

• मंडळात बारावीच्या मुलांचा सत्कार करायचा असेल तर तो जूनमध्ये, सगळ्यांचा, पदवीदान झाल्यावर करा. कोण कुठे चाललं आहे ते सारख्याच मोठ्या आवाजात वाचा.

टाळावे

• जानेवारीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कोणाकोणाचं झालं?’ असा संदेश टाकणं. ज्यांचं झालं नाही त्यांची घरंही तो वाचत असतात.

• एकाचे गुण, परीक्षेतले आकडे आणि निकाल दुसऱ्याला सांगणं. मुलाची माहिती मुलाची असते.

• ‘आमच्या वेळी’पासून सुरू होणारा उपदेश. तुमच्या वेळी कटऑफ होता, यादी लागत होती आणि नाव कुठे अडलं ते दिसत होतं. या मुलांना बंद दारापुढे उभं राहून वाट बघावी लागते आणि ते जास्त अवघड आहे.

शेवटी तीन तारखा भिंतीवर लिहून ठेवा: पहिल्या सत्राचे गुण कधी गेले, आर्थिक मदतीच्या अर्जाची मुदत कधी, आणि १ मे. निकालाचा दिवस त्यात लिहायची गरज नाही. तो दिवस विद्यापीठाने ठरवलेला होता आणि होऊन गेला. उरलेल्या तारखा तुमच्या हातात आहेत. त्या सांभाळा, आणि त्या सांभाळताना घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाशी रोज एकदा तरी कॉलेज सोडून दुसऱ्या विषयावर बोला.